रित्या पेटीनें आरंभलेलें कार्य

महोत्सवाच्या स्मरणिकेंत काय छापावें याचा एक ठराविक परिपाठ पडून गेलेला आहे. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आणली, वेदीचा खर्च कोणीं सोसला, शाळेची इमारत कितव्या वर्षीं पुरी झाली, या गोष्टी क्रमानें येतात, व त्या यावयासच पाहिजेत. कारण ज्यांनीं दिलें त्यांचें ऋण नांव घेऊन मानणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु धर्मग्रामाच्या शाळेचा एक भाग असा आहे, कीं ज्यावर कोनशिला बसवितां येत नाहीं. तो भाग म्हणजे मुलांचे आईबाप व त्यांचे शिक्षक यांचें एकत्र बसणें. त्यालाच आज आपण पालक-शिक्षक संघ म्हणतों. या संघाचा पूर्वेतिहास वाचकांपुढें ठेवावा असें आम्हीं योजिलें आहे, व त्यास एक लहानसें कारण घडलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेंत अशाच संघाची पहिली सभा भरली होती. दाराशींच टेबल मांडून त्यावर पावतीपुस्तक ठेविलें होतें. वर्गणी कांहीं भारी नव्हती. तरी एक बाई, बाजारांतून परभारें आलेली, हातांत रिकामी टोपली घेऊन त्या टेबलापर्यंत आली. पुढच्या माणसास पावती फाडून देत होते, तें तिनें पाहिलें. आणि पदर सांवरून ती आल्या पावलीं परत गेली. आम्ही तेथेंच उभे होतों. आम्हीं तिला हांक मारिली नाहीं. तिचें मूल कोणत्या इयत्तेंत होतें, त्यास काय जमत होतें व काय अडत होतें, हें त्या दिवशीं सभेस कळावयाचें होतें, तें कळलें नाहीं. सभा मात्र यथासांग पार पडली, व जमलेल्या रकमेबद्दल आभारही मानण्यांत आले.

तेव्हांपासून आमच्या मनांत हा प्रश्न घोळत आहे, कीं असा संघ आरंभण्यास प्रथम पैसा लागतो काय? लागत असल्यास गरिबांच्या शाळांनीं त्याची आशाच सोडावी हें बरें. परंतु या संघांचा इतिहास चाळून पाहतां उत्तर निराळें मिळतें, आणि तें आपणां सर्वांस धीर देणारें आहे.

पूर्वीं आपल्या गांवांत पंतोजींची शाळा कोणाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या आवारांत भरे. पंतोजींस दाणागोटा घरोघरून जाई. त्यामुळें कोणाचें पोर किती पाण्यांत आहे, हें सांगण्यास वेगळी सभा बोलवावी लागत नसे. त्या शाळांत उणीवा पुष्कळ होत्या, आणि कित्येक जातींच्या मुलांस व बहुतेक मुलींस त्यांचें दारही उघडें नव्हतें. तरी घर व शाळा यांच्यामध्यें भिंत नव्हती. पुढें शिक्षण सरकारनें हातीं घेतलें. इंग्लंडांत १८७० सालीं प्राथमिक शिक्षणाचा मोठा कायदा झाला, व १८८० सालीं पांच ते दहा वर्षांच्या मुलांवर शाळेची सक्ती झाली. अशानें शाळा सर्वांच्या झाल्या, हा मोठाच लाभ होय. परंतु मुलास फाटकांत सोडलें कीं आईबापांचें काम संपलें, अशी समजूतही त्याबरोबरच रूढ झाली. ती मोडण्याचे यत्न ज्यांनीं केले, त्यांची ही कथा आहे.

पहिला प्रसंग इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरचा. लोकरीच्या गिरण्यांचें तें गांव. तेथें शार्लट मेसन नांवाच्या शिक्षिका राहत. एका देवळाच्या सभागृहासाठीं फंड गोळा होत होता. मेसनबाईंनीं रोख वर्गणीऐवजीं व्याख्यानें देऊं केलीं, व १८८५–८६ च्या हिवाळ्यांत मुलांच्या घरगुती शिक्षणावर आयांपुढें तीं दिलीं. त्यांचें पुस्तक १८८६ सालीं निघालें, आणि १८८७ सालीं त्यांतूनच पालकांचा एक शिक्षणसंघ ब्रॅडफर्ड येथें स्थापन झाला. पुढें थोड्याच वर्षांत तो देशभर पसरला. देवळाच्या सभागृहासाठीं जिला पैशाऐवजीं आपली विद्या देणें सुचलें, तिच्या हातून देशव्यापी संस्था उभी राहिली, ही गोष्ट आपल्यासारख्या धर्मग्रामस्थांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मात्र त्या व्याख्यानांस येणारा श्रोतृवर्ग बहुतांशीं सुखवस्तु होता, हेंही सांगितलें पाहिजे.

दुसरा प्रसंग अमेरिकेंतील. जॉर्जिया प्रांतांत जन्मलेल्या ॲलिस मॅकलेलन बर्नी यांच्या मनांत देशांतील सर्व मातांस एकत्र आणावें असें आलें. त्यांस फीबी ॲपर्सन हर्स्ट या धनाढ्य बाईंची जोड मिळाली. हर्स्टबाईंचे पति खाणींच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळवून सेनेटर झालेले होते. त्यांच्या मागें ती संपत्ति बाईंनीं शिक्षणाकडे लाविली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं वॉशिंग्टन येथें मातांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, व तीस सुमारें दोन हजार माणसें लोटलीं. पुढें १९०८ सालीं संस्थेच्या नांवांत पालक-शिक्षक संघांचा उल्लेख आला, आणि १९२४ सालीं ती पालक व शिक्षक यांची राष्ट्रीय परिषद म्हणूनच ओळखली जाऊं लागली. पैसा असला म्हणजे कार्य कसें झपाट्यानें वाढतें, याचें हें उदाहरण आहे. आणि त्या पैशाचा सदुपयोग झाला हें कोणीही मान्य करील.

परंतु त्याच देशांत, त्याच सुमारास, मोठ्या तिजोरीवांचूनही आया मुलांसाठीं उभ्या राहत होत्या. मिल्वॉकी शहरीं १९०४ सालीं स्त्रियांच्या एका शाळामंडळानें असें पाहिलें, कीं ज्या घरांतून आई व बाप दोघेही कामास जातात, त्या घरचीं मुलें दुपारीं उपाशीं राहतात. मंडळापाशीं स्वयंपाकघर नव्हतें. तेव्हां शाळेजवळ राहणाऱ्या बायांनीं आपापल्या चुलीवर अन्न शिजविलें, व तीन ठिकाणीं मुलांस जेवण देण्यास आरंभ केला. ज्यास देतां येई तो एक सेंट देई. तेथें कोणीं इमारतीची वाट पाहिली नाहीं. पेटलेली चूल होती, तीवर एक भांडें अधिक चढविलें, एवढेंच.

आतां आम्ही मुख्य कथेकडे वळतों. स्थळ अमेरिकेच्या दक्षिणेंतील अटलांटा शहर, आणि साल १९११.

त्या प्रदेशांत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा निराळ्या असत. आगगाडीच्या डब्यांवरून उद्भवलेल्या एका खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९६ सालीं ‘वेगळें परंतु समान’ या तत्त्वावर मोहोर उमटविली होती. वेगळें तें झालें. समान मात्र झालें नाहीं. १९०६ सालच्या सप्टेंबरांत तर याच शहरांत गोऱ्या जमावांनीं कृष्णवर्णीयांवर हल्ले करून कित्येकांचे प्राण घेतले. तेथील कृष्णवर्णीय बायकांपैकीं असंख्य जणी परक्यांच्या घरीं मोलमजुरी करीत किंवा कपडे धूत. मात्र त्या अगदींच असंघटित होत्या असें नाहीं. १८८१ सालीं अटलांटाच्या धोबिणींनीं मजुरीच्या दरासाठीं संप केला होता. त्यास आरंभ करणाऱ्या वीसच होत्या, व तीन आठवड्यांत त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. पैसा नसतां माणसें जोडावीं कशीं, ही विद्या त्या वस्तीस ठाऊक होती.

या शहरीं सेलिना स्लोन बटलर राहत. त्यांचा जन्म थॉमसव्हिल या गांवचा. मिशनऱ्यांच्या साह्यानें त्या लहानपणींच अटलांटाच्या स्पेलमन विद्यालयांत आल्या, व १८८८ सालीं तेथील शिक्षण पुरें करून शिक्षिका झाल्या. त्यांचे पति डॉक्टर होते. तेव्हां बटलरबाई स्वतः दरिद्री होत्या असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु त्यांचा मुलगा शाळेपूर्वीच्या वयाचा झाला, तेव्हां त्या मोहल्ल्यांत कृष्णवर्णीय बालकांसाठीं बालवर्ग म्हणून कोठेंच नव्हता, आणि डॉक्टरची संपत्तीही त्यांस गोऱ्यांच्या शाळेंत प्रवेश देऊं शकत नव्हती. बाईंनीं तक्रार करीत न बसतां आपल्या घराच्या दिवाणखान्यांतच शेजारच्या मुलांसह बालवर्ग भरविला. मुलगा मोठा होऊन यंग स्ट्रीट शाळेंत जाऊं लागला, तेव्हां त्या त्याच्या पाठोपाठ शाळेंत गेल्या, आणि १९११ सालीं तेथें त्यांनीं आईबाप व शिक्षक यांचा संघ स्थापिला. त्या देशांतील कृष्णवर्णीयांचा पहिला पालक-शिक्षक संघ तो हाच मानला जातो. त्याच्या मागें हर्स्टबाईंसारखी तिजोरी नव्हती. मुलें होतीं, शाळा होती, आणि आपलीं मुलें शिकावीं अशी तळमळ होती.

सुमारें दहा वर्षांत त्या एका शाळेच्या संघापासून राज्यभरची संघटना झाली, व १९२६ सालीं कृष्णवर्णीय पालक व शिक्षक यांची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा बटलरबाईच होत. गोऱ्यांच्या परिषदेचीं तत्त्वें त्यांनीं मोकळ्या मनानें घेतलीं, व ज्यांस त्या परिषदेच्या दक्षिणेकडील शाखांत जागा नव्हती, त्यांस आपली जागा करून दिली.

येथें एक कटु गोष्ट सांगणें भाग आहे. दक्षिणेंतील कृष्णवर्णीय पालक आपल्या शाळांसाठीं दोनदां पैसे भरीत. एकदां करांतून, ज्यांचा मोठा वांटा गोऱ्यांच्या शाळांकडे जाई. आणि दुसऱ्यांदां आपल्या खिशांतून. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांनीं अशा शाळांस मदत देण्याची योजना काढिली, व १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारें पांच हजार शाळा उठल्या. त्या शाळांस रोझेनवाल्ड यांचें नांव पडलें, व त्यांच्या औदार्यास तें शोभलेंही. पण हिशेब पाहतां निराळेंच दिसतें. रोझेनवाल्ड यांच्या निधींतून सुमारें त्रेचाळीस लक्ष डॉलर आले, तर कृष्णवर्णीय गांवकऱ्यांनीं सत्तेचाळीस लक्ष दिले. कोणीं जमीन दिली, कोणीं लांकूड तोडून आणिलें, कोणीं अंगमेहनत केली, आणि कित्येकांनीं आठवड्याच्या मजुरींतून नाणीं बाजूला काढिलीं. त्यांचीं नांवें इमारतींवर कोरलेलीं नाहींत. आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासांतही असे निनांवी दाते आहेत, हें या महोत्सवाच्या वेळीं विसरतां कामा नये.

मग पालकांच्या संघाचें काम पुन्हां पुन्हां पदर खोचून पैसा गोळा करणें हेंच काय? अटलांटानें याचेंही उत्तर दिलें आहे. तेथें ल्युजीनिया बर्न्स होप यांनीं १९०८ सालीं नेबरहुड युनियन म्हणून वस्तीच्या स्त्रियांचें मंडळ स्थापिलें होतें. या मंडळाच्या बायांनीं १९१३ सालीं शहरांतील कृष्णवर्णीयांच्या शाळा स्वतः फिरून पाहिल्या. बाकें किती व मुलें किती, उजेड व हवा कशी, पाण्याची व शौचाची सोय काय, एकाच शिक्षिकेस सकाळीं एक व दुपारीं दुसरी अशा दोन पाळ्या कशा कराव्या लागतात, हें सर्व त्यांनीं टिपून घेतलें. तो कागद घेऊन त्या नगराध्यक्षांकडे, नगरसभेकडे, वर्तमानपत्रांकडे व देवळांच्या पाळकांकडे गेल्या. पाहणें, मोजणें व विचारणें, या तीन कामांस वहीपेन्सिलीपलीकडे कांहीं लागलें नाहीं. तात्काळ जें पदरीं पडलें तें थोडें होतें. परंतु आपल्या मुलांच्या वांट्यास काय येतें हें ज्यांनीं एकदां मोजलें, ते पुन्हां अजाण राहत नाहींत.

त्याचें फळ पुढें दिसलें. १९१९ सालीं नगरपालिकेस कर्ज उभारण्यास मतदारांची संमति पाहिजे होती, आणि त्या पैशांतून कृष्णवर्णीयांच्या शाळांस काय मिळणार याची हमी नव्हती. कृष्णवर्णीय मतदारांनीं विरोध केला, व ती योजना फसली. १९२१ सालीं त्यांच्या शाळांचा वांटा कबूल करण्यांत आला, तेव्हां कर्ज मंजूर झालें. आणि १९२४ सालीं त्या शहरांतील कृष्णवर्णीय मुलांचें पहिलें सरकारी हायस्कूल, बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूल, उघडलें. हा विजय एकट्या पालकसंघाचा नव्हे; देवळें, शिक्षक, मतदारमंडळें व स्त्रियांच्या सभा या सर्वांचा तो होय. पण एकेका शाळेच्या खोलींत जमून बोलण्याची संवय ज्यांस लागली होती, तेच हे लोक होते.

१९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वेगळ्या शाळांचें तत्त्व रद्द ठरविलें, आणि १९७० सालीं त्या दोन्ही राष्ट्रीय परिषदा एक झाल्या. बटलरबाई १९६४ सालींच निवर्तल्या होत्या. तो दिवस त्यांनीं पाहिला नाहीं. परंतु आज ती एकत्रित संस्था आपल्या संस्थापिका म्हणून तीन नांवें घेते: बर्नी, हर्स्ट आणि बटलर. जिच्यापाशीं तिजोरी होती ती, व जिच्यापाशीं नव्हती ती, अशा दोघी एकाच ओळींत आहेत.

हें सर्व दूरदेशीचें झालें. परंतु आपल्या मराठी मुलुखांतही याची साक्ष आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. घरोघर जात्यावर बसणाऱ्या बाईनें मूठभर धान्य बाजूस काढावें, अशा मुष्टिफंडावर त्यांनीं गरीब विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें चालविलीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं तर वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं आपलें मंगळसूत्रही मोडलें. मूठभर दाण्यांनीं वसतिगृहाची कोठी भरे, हें खरेंच. पण त्याहून मोठी गोष्ट ही, कीं मूठ देणाऱ्या प्रत्येक बाईस ती शाळा आपली वाटूं लागे. जेथें दान इतकें लहान असतें कीं तें कोणासही जड जात नाहीं, तेथें कोणीही दाराशीं थबकत नाहीं.

आतां आपली ख्रिस्तसभा व आपला कायदा या दोहोंचें म्हणणें थोडक्यांत पाहूं. पोप अकरावे पायस यांनीं ३१ डिसेंबर १९२९ च्या आपल्या विश्वपत्रांत मुलांच्या शिक्षणावरील कुटुंबाचा हक्क हा देवानें दिलेला असून राज्याच्या हक्काच्याही आधींचा आहे, असें प्रतिपादिलें. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत असें सांगून पालकांच्या संघांच्या साह्याचा गौरवानें उल्लेख केला. आपल्या देशांत २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिति नेमण्यास सांगितलें. तींत तीनचतुर्थांश सभासद पालक, व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांत ही समिति सल्ला देण्यापुरती असावी, असें २०१२ च्या दुरुस्तीनें ठरलें होतें. महाराष्ट्रांत खासगी शाळांच्या शुल्काविषयींच्या २०११ च्या कायद्यानें शालेय वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत पालक-शिक्षक संघ स्थापिणें आवश्यक केलें, व प्रत्येक पालकास त्याचें सभासद मानिलें.

म्हणजे संघ आहे काय, हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. कागदावर तो आहेच. तो जिवंत आहे काय, हा प्रश्न आहे, व त्याचें उत्तर कायदा देऊं शकत नाहीं. वर सांगितलेल्या इतिहासावरून आम्हांस जें सुचतें तें येथें नम्रपणें मांडतों.

पहिल्या सभेस पावतीपुस्तक आणूं नये. जी अल्प वर्गणी नियमानें घ्यावयाची असेल ती मागाहून, हळूच व सवडीनें घ्यावी. मूल शाळेंत आहे, एवढ्यानेंच त्याचे आईबाप सभासद झालेले असतात. सभेची वेळ मास्तरांच्या सोयीनें नव्हे, तर जे वाडींतून, बंदरावरून, कारखान्यांतून वा संध्याकाळच्या गाडीनें थकून परत येतात त्यांच्या सोयीनें ठरवावी. रविवारच्या मिस्सेनंतरचा अर्धा तास बहुधा सर्वांस सांपडतो. बसावयास शाळेचीं बाकें पुरेत. जे आले नाहींत त्यांची यादी करावी, आणि दोघांतिघांनीं त्यांच्या घरीं जावें. परंतु ‘कां आलां नाहीं’ असें विचारण्यासाठीं नव्हे, तर ‘तुमचें मूल कसें आहे’ असें विचारण्यासाठीं. पहिलें काम असें निवडावें, कीं ज्यास पैसा लागत नाहीं: कोणतें मूल उपाशीं येतें, कोणास वाचतां येत नाहीं, कोणाला घरीं दिव्याजवळ जागा नाहीं, कोण आठवड्यांतून दोन दिवस गैरहजर असतें, हें पाहावें व लिहून ठेवावें. पुढें जो पैसा येईल त्याची पै न पै फळ्यावर लिहावी. आणि जें देणें शासनाचें किंवा व्यवस्थापनाचें आहे, तें गरिबांच्या खिशांतून मुकाट्यानें भरून काढण्यापूर्वीं, अटलांटाच्या बायांप्रमाणें कागद हातीं घेऊन योग्य ठिकाणीं विचारावें.

यांत शिक्षकांवर दोषारोप करण्याचा आमचा हेतु नाहीं. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग संभाळून संध्याकाळीं सभेस थांबणाऱ्या शिक्षकांचें व सिस्टरांचें ऋण हा धर्मग्राम जाणतो. पैसा वाईट आहे असेंही आमचें म्हणणें नाहीं. हर्स्टबाईंचें द्रव्य नसतें तर १८९७ ची परिषद तशी भरती ना. आमचें म्हणणें इतकेंच, कीं पैसा मागाहून आला तर तो साह्य करतो, आणि दाराशीं आधीं उभा राहिला तर तो कोणास तरी परत पाठवितो.

टोपली घेऊन परतलेल्या त्या बाईची मूर्ति आमच्या डोळ्यांपुढून गेलेली नाहीं. आपलें देऊळ सर्वांस उघडें असतें, त्याच्या दाराशीं कोणी पावती पाहत नाहीं. धर्मग्रामाची शाळा ही त्या देवळाचीच लेक होय. तिचेंही दार तसेंच असावें. या महोत्सवी वर्षाच्या पुढल्या सभेस ती बाई येवो, आणि ती दाराशीं दिसतांच आपणांपैकीं कोणी तरी उठून तिला आपल्या बाकावर जागा करून देवो, हीच प्रभूचरणीं आमची प्रार्थना आहे.